बाईंचा बोका

मी कुत्र्यामांजरांची फिजिशियन आहे असं सांगितलं, की आपली माणसं आधी हसतात आणि थोड्याच वेळात आपल्या कुत्र्याचं पोट बिघडल्याचं सांगायला लागतात. माझा भाऊ इथेच अमेरिकेत, ॲन आर्बरला असतो. त्याच्याकडे गणपतीला गेले की आरती संपून हातात प्रसाद पडेपर्यंत माझ्याभोवती एक छोटी ओपीडी भरलेली असते. "ताई, आमचा लॅब्रॅडॉर सॉक्स खातो यार, नॉर्मल आहे का हे?" इथेच जन्मलेली मुलं मोबाइलवरचे फोटो पुढे करतात आणि इंग्रजीत विचारतात की यात कुत्रा उदास दिसतोय का. एक काकू मात्र दर वर्षी एकच प्रश्न विचारतात, "पण तू माणसांची डॉक्टर का नाही झालीस गं?" मी काही सांगायच्या आत त्या मोदकांकडे वळलेल्या असतात.

खरं सांगायचं तर मांजरांची डॉक्टर व्हायचं माझ्याही मनात नव्हतं. मी परभणीला शिकले. तिथे आमच्यापुढे गाई, म्हशी, बैल आणि शेळ्या यायच्या. कुत्रं क्वचित, आणि मांजर तर कोणी दवाखान्यात आणतच नसे. ते आजारी पडलं तर कुठेतरी माळ्यावर जाऊन बसे आणि आपलं आपण बरं होई किंवा होत नसे. अमेरिकेत मी एमएस करायला आले, ते गाईंच्या पोटावर संशोधन करायला. विद्यापीठाच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मांजरांसाठी वेगळा वॉर्ड बघून मी थबकलेच. तिथे कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येऊ नये म्हणून जाड दरवाजा होता, आणि दारावर पाटी होती की कृपया हळू बोला. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात माणसांसाठीसुद्धा अशी पाटी नव्हती.

त्या दरवाजाच्या आत मला बाई भेटल्या.

बाई म्हणजे माझ्या गुरू. अमेरिकन, मक्याच्या शेतांमध्ये वाढलेल्या, उंच, काटकुळ्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा पेन्सिल खोचून बांधणाऱ्या. इथे प्रोफेसरला सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. त्यांनी मलाही पहिल्याच दिवशी तसं सांगितलं. मला काही ते जमेना. ज्या बाईंनी शिकवलं त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे शाळेत बाकावर उभं राहून शिट्टी वाजवल्यासारखं वाटे. मी त्यांना डॉक्टर म्हणायची आणि मनातल्या मनात बाई. पुढे घरीही तेच नाव पडलं.

एमएस संपल्यावर मी गाईंकडे परत गेलेच नाही; इथल्या परीक्षा देऊन प्रॅक्टिस करायला पात्र झाले, एक वर्षाची इंटर्नशिप केली आणि मग बाईंच्या हाताखाली इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी सुरू केली. हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते. हाड मोडलं, गाठ दिसली, की ते सर्जनकडे. ज्याचं नक्की काय बिघडलंय तेच कळत नाही, तो आमच्याकडे. जेवत नाही. फार पाणी पितो. उगाच बारीक होतोय. आणि ज्याचं दुखतंय त्याला बोलता येत नाही.

रोज सकाळी राउंड्स असत. विद्यार्थी प्राण्याची माहिती सांगत, मग कोणकोणते आजार असू शकतात ते घडाघडा म्हणत. बाई सगळं ऐकून घेत आणि मग विचारत, "छान. आता हे सांग, तो सकाळी उठल्यावर काय करतो?" विद्यार्थी हातातले कागद चाळू लागे. कारण त्याने मालकाला भूक आहे का, उलटी होते का, जुलाब होतात का, असं सगळं हो-नाहीचं विचारलेलं असे. बाई म्हणत, "मालकाला हो-नाही विचारलं की तो घाबरून तुम्हाला आवडेल ते उत्तर देतो. त्याला म्हणा, मला त्याची सकाळ सांगा. मग गप्प बसा. सगळं तिथेच असतं."

आणि मांजराला गोळी देणं. बाईंचं ते कसब बघायला दुसऱ्या डिपार्टमेंटची माणसं यायची. माझ्या पहिल्या महिन्यात एका पांढऱ्या मांजरीने माझ्या अंगठ्यात दात रुतवले आणि गोळी माझ्याच बाहीत थुंकली. बाई आल्या. एका विद्यार्थिनीशी किडनीबद्दल बोलत बोलत त्यांनी मांजरीच्या गालांवर बोटं ठेवली, डोकं जरासं मागे कलवलं, मधल्या बोटाने खालचा जबडा उघडला, गोळी जिभेच्या मुळाशी टाकली आणि पिचकारीने थोडं पाणी सोडलं. मांजरीने ओठ चाटले. किडनीचं वाक्य मध्ये तुटलंसुद्धा नाही.

"घाई तुझ्या खांद्यात दिसते," त्या मला म्हणाल्या. "ती तिला आधी कळते. खांदे सोड."

मला म्हशींची सवय. म्हशीला धरायला चार माणसं लागतात आणि खांदे सोडून कोणाचंच भागत नाही. पण हळूहळू मी शिकले.

रेसिडेन्सी संपल्यावर मी तिथेच शिकवायला लागले. माझी खोली बाईंच्या खोलीला लागून. वर्षातले काही महिने मी हॉस्पिटलात पेशंट बघायची, काही महिने वर्गात शिकवायची, आणि उरलेला वेळ मांजरांच्या आतड्यांवरचं माझं संशोधन, पेपर, समित्या यात जायचा. एखाद्या जर्नलने पेपर परत पाठवला की मी बाईंच्या दारात उभी राहायची. त्या वर न बघता म्हणायच्या, "आजच्या दिवस रागाव. उद्या त्यांचं म्हणणं वाच." त्यांचा स्वभाव गोड वगैरे अजिबात नव्हता. त्यांनी वर्गात रडवलेले विद्यार्थी पुढे मोठमोठ्या दवाखान्यांचे प्रमुख झाले आणि दर नाताळात त्यांना आपापल्या कुत्र्यांचे फोटो पाठवत राहिले. बाईंनी ते सगळे खोलीच्या भिंतीवर चिकटवले होते. लग्नाचे फोटो आले तर मात्र ड्रॉवरमध्ये जात.

अशाच एका उन्हाळ्यात आई माझ्याकडे आली होती. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिला अमेरिका मुक्काम. सहा महिन्यांतले काही भावाकडे आणि काही माझ्याकडे, असं ठरलेलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. इंग्रजी तिला वाचता येतं, बोलायचा संकोच. बाईंनी आम्हा दोघींना रविवारी जेवायला बोलावलं.

बाई एकट्याच राहत. घर जुनं, लाकडी, मागे भाज्यांचे वाफे. घरात त्यांच्यासोबत चौदा वर्षांचा एक नारिंगी बोका. हॉस्पिटलात कोणीतरी खोक्यात सोडून गेलेलं पिल्लू होतं ते. बाईंनी "एका रात्रीपुरतं" घरी नेलं आणि मग परत आणलंच नाही. मी त्याला बऱ्याच महिन्यांनी बघत होते.

आईने मांजर घरात पलंगावर झोपतं हे कधी पाहिलं नव्हतं. ती खुर्चीच्या टोकाला बसली, पदर आवरून. बोका आला, आईच्या पायाशी बसला आणि तिच्याकडे एकटक बघत राहिला.

"काय बघतोय गं हा?" आईने विचारलं.

"तू नवीन आहेस म्हणून."

"बघ बाबा बोकोबा, नीट बघ," आई त्याला म्हणाली. तो उडी मारून माझ्या मांडीवर आला. सवयीने माझा हात त्याच्या पाठीवरून फिरला. केसांखाली मणके एकेक करून लागत होते. मांड्यांचं मांस गेलं होतं. मी बोटं पोटाखाली सरकवली. आतडी जाड, रबराच्या नळीसारखी. रोज हेच करते मी. माझ्या बोटांना जे कळलं ते मला तिथे, त्या घरात, कळून घ्यायचं नव्हतं.

बाई ओव्हनमधून भाज्यांचा ट्रे काढत होत्या. मी म्हटलं, "हा बारीक झालाय."

"उन्हाळा आहे," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात तो नेहमी कमी खातो."

"उलटी?"

"केसांचे गोळे. मांजर आहे ते."

मी मग म्हटलं, "डॉक्टर, मला त्याची सकाळ सांगा."

बाईंनी ट्रे खाली ठेवला. हातातले ओव्हनचे जाड मोजे तसेच. त्या मग खुर्चीत बसल्या आणि सांगायला लागल्या. पूर्वी तो पहाटे त्यांच्या छातीवर येऊन बसे आणि खायला मागे. आता त्याच त्याला उठवतात. वाटीपाशी जातो, वास घेतो, परत येतो. पलंगावर चढायला त्यांनी एक स्टूल ठेवलंय. "मला वाटलं त्याचे गुडघे दुखत असतील," त्या म्हणाल्या. मग मोजे काढत, "नाही. मला असं काही वाटलं नव्हतं. मला माहीत होतं."

आईला आमचं इंग्रजी संभाषण पुरतं कळत नव्हतं, पण वर्गात कोणतं पोर रडायच्या बेतात आहे हे जिला आयुष्यभर कळलं तिला एवढं कळायला इंग्रजी लागत नव्हतं. ती उठली, ट्रेमधल्या भाज्या तिघींच्या ताटात वाढल्या आणि बाईंना म्हणाली, "ईट. फर्स्ट ईट."

दुसऱ्या दिवशी बाई बोक्याला घेऊन हॉस्पिटलात आल्या. मागच्या दाराने नाही, पुढच्या. मी म्हटलं होतं की सरळ माझ्या खोलीत या. त्या म्हणाल्या, "नाही, मी आज मालक आहे." आणि वेटिंग रूममध्ये पिंजरा मांडीवर घेऊन, इतर मालकांमध्ये, भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बसल्या. मदतनीस मुली आतून डोकावून जात होत्या आणि एकमेकींना खुणा करत होत्या, पण जवळ जायची कोणाची छाती होत नव्हती.

अल्ट्रासाउंड झाला, रक्त झालं, मग भूल देऊन आतड्याचे बारीक तुकडे तपासायला पाठवले. तो एक आठवडा माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात लांब आठवडा असेल. बाई रोज विचारायला यायच्या. बायोप्सीला किती दिवस लागतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी विचारायच्या. रात्री इंटरनेटवर वाचलेलं काहीबाही सांगायच्या. कोणा बाईने तिच्या मांजराला भोपळा खाऊ घालून बरं केलं होतं म्हणे. मी ऐकून घ्यायची. हेच एखाद्या मालकाने विचारलं असतं तर बाईंनी मला नंतर कोपऱ्यात घेऊन सांगितलं असतं, हसू नकोस, तो माणूस घाबरलाय.

रिपोर्ट आला. आतड्याचा कॅन्सर होता, पण सावकाश चालणाऱ्या जातीचा. गोळ्यांनी बरीच मांजरं दीर्घकाळ चांगली राहतात. हे सगळं बाईंनीच मला शिकवलेलं. मी त्यांच्यासमोर बसून तेच त्यांना सांगितलं, हळू, सोप्या शब्दांत, जसं कोणत्याही मालकाला सांगते तसं. त्या मान हलवत राहिल्या. मी संपवल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तो मरणार नाही ना?"

ज्यांच्याकडून मी या विषयाचं अक्षर अन् अक्षर शिकले त्यांनी हे विचारलं. मी म्हटलं, "आत्ता नाही." त्यांना तेवढं पुरलं.

आणि मग गोळ्या. एक रोजची, आणि एक दिवसाआड द्यायची कॅन्सरची, जी फोडायची नाही आणि हातमोजे घालून द्यायची. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला आधी ओळखूच आला नाही.

"मला त्याला गोळी देता येत नाही."

"म्हणजे? लपतो का?"

"नाही. बसून राहतो. माझ्याकडे बघतो. मी त्याचं तोंड उघडते आणि माझा हात थरथरतो."

मला हसू यायला हवं होतं. पण तेव्हा नाही आलं. मी म्हटलं, "मी येते संध्याकाळी."

असं ते सुरू झालं. हॉस्पिटल सुटलं की मी घरी जाऊन आईला घ्यायची आणि आम्ही बाईंकडे जायचो. पहिल्या दिवशी आई गाडीत बसून राहते म्हणाली. दुसऱ्या दिवशी पायरीपर्यंत आली. त्यानंतर आईच मला घाई करायला लागली, "चल गं, बोकोबा वाट बघत असेल." मी स्वयंपाकघरात बोक्याला टॉवेलवर घ्यायची, खांदे सोडायची, गोळी, पाणी, झालं. बाई त्या वेळी मुद्दाम मागच्या अंगणात जात. गोळी झाल्यावर मी खिडकीतून हात करायची, की त्या आत येत आणि बोक्याची माफी मागत.

पण त्या अंगणात त्या एकट्या नसत. आई त्यांच्यासोबत असे. वाफ्यात दोडक्यासारखं काहीतरी लागलं होतं. ती झुकिनी होती, काकडीसारखी दिसणारी इकडची भाजी. आई म्हणाली ही एवढी मोठी होऊ द्यायची नसते. हे तिने हातवाऱ्यांनी सांगितलं. बाईंना पटलं. मग बाईंनी तिला टोमॅटो बांधायचा हिरवा दोरा दिला. एका आठवड्यात आईने तिथे मेथी पेरली. एकीने मराठीत बोलायचं, दुसरीने इंग्रजीत. मी खिडकीतून ऐकायची.

"माय हजबंड," आई म्हणाली होती एकदा, आणि पुढचं मराठीत, "मेथी भयंकर आवडायची बघा त्यांना. मी करायची आणि ते कौतुक करायचे नाहीत, पण भांडं पुसून खायचे."

बाई म्हणाल्या, "माझं लग्न झालं नाही. एकदा होणार होतं." मग मातीत बोट खुपसून त्या म्हणाल्या, "त्याला मांजरं आवडत नव्हती."

"नो कॅट?" आईने विचारलं.

"नो कॅट."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की बोक्याने माझ्या हातातून मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

बाबा गेल्यापासून आईला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ती भावाकडे जायची तारीख आली तेव्हा तिने फोनवर त्याला सांगितलं, "आत्ता नाही जमत रे, माझं इथे काम आहे." भाऊ मला वैतागून म्हणाला, "अगं, मी सुट्टी घेतली होती, सगळे प्लॅन कॅन्सल केले. कसलं काम?" मी म्हटलं, "मांजराचं."

बोक्याने गोळ्यांना चांगली साथ दिली. महिन्याभरात तो वाटी चाटून पुसून ठेवायला लागला. स्टुलाशिवाय पलंगावर चढला त्या दिवशी बाईंनी मला क्लासमधून बाहेर बोलावून सांगितलं. माझे विद्यार्थी स्वादुपिंडाच्या आकृतीसमोर ताटकळत बसले होते. पुढे गोळी द्यायला बाईही शिकल्या. शिकल्या म्हणजे आईने त्यांना शिकवलं. आईने बोक्याला मांडीवर घेतलं, त्याच्या कपाळावर हात ठेवून "नीज रे बोकोबा" असं काहीतरी गुणगुणलं आणि मानेने बाईंना खूण केली. बोका आईकडे बघत होता, बाईंकडे नाही. गोळी गेली. त्या दिवसापासून बाई त्याची नजर दुसरीकडे वळवून, काहीतरी गुणगुणत गोळी देऊ लागल्या.

थंडी सुरू झाल्यावर आई परत गेली. एअरपोर्टवर बाई आल्या होत्या, हाताने विणलेला स्कार्फ घेऊन. आईने तिथल्या तिथे तो पदरावरून गुंडाळला. "टेक केअर बोकोबा," ती म्हणाली. बाईंना वाटलं ती त्यांनाच बोकोबा म्हणतेय. त्यांनी आईला मिठी मारली. आई मिठी मारणाऱ्यांतली नाही, पण तिने मारू दिली.

बोका तो हिवाळा जगला, पुढचा उन्हाळा जगला, आणि पानं गळायला लागली तेव्हा त्याने खाणं सोडलं. आम्ही औषध बदललं, खाणं द्यायला ट्यूब घालायची का यावर बोललो, सलाइन लावलं. चार दिवस बरं, मग परत तेच. एका दुपारी मी बाईंच्या स्वयंपाकघरात बसले होते. बोका खिडकीच्या कट्ट्यावर, ब्लँकेटवर, उन्हात. त्याने माझ्या हाताला डोकं घासलं नाही, नुसते डोळे हलवले.

बाईंनी विचारलं, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. बाईंनीच आम्हाला शिकवलं होतं की त्याचं उत्तर द्यायचं नाही. आपण त्यांच्या जागी नसतो. आपण माहिती द्यायची, निर्णय त्यांचा. मी पाठ केलेलं म्हणायला लागले, "डॉक्टर, मी तुमच्या जागी नाही, पण..."

"थांब," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलेलं मला परत देऊ नकोस. तू त्याला गोळ्या दिल्यास. तुझी आई त्याच्याशी बोलायची. तू आहेस माझ्या जागी. सांग."

बाहेर कोणीतरी पालापाचोळा गोळा करत होतं. त्याचा खरखर आवाज येत होता. मी म्हटलं, "आज. उद्यापर्यंत थांबू नये."

बाईंनी मान हलवली. "मलाही आजच वाटतंय. मला फक्त दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं."

मी हॉस्पिटलात जाऊन लागणारं सामान घेऊन आले. आधी झोपेचं इंजेक्शन. तो बाईंच्या कुशीत पेंगला. मग मी त्याच्या पायातली शीर शोधली आणि दुसरं औषध हळूहळू सोडलं. हे काम मी अनेकदा केलंय. हात थरथरला नाही, याचं मला आजही बरं वाटतं, कारण तेवढंच त्या दोघांसाठी मला करता येत होतं. मी स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि म्हटलं, "गेला." बाईंनी माझ्या गळ्यातून स्टेथोस्कोप काढून घेतला, कानांना लावला आणि त्याच्या छातीवर ठेवला. खूप वेळ. त्या काही तपासत नव्हत्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी येऊन मी आईला फोन केला. तिकडे सकाळ होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाईंना जेवायला कोणी दिलं?"

"आई, त्यांना भूक नसेल."

"भुकेचा प्रश्न आहे का? पिठलं-भात कर आणि नेऊन दे. त्या घरात आज चूल पेटवायची नसते."

"आई, मांजर गेलंय गं."

"मग? घरातलंच होतं ना ते?"

मी पिठलं केलं, जरा पातळच, तिखट बेताचं, आणि भात लावला. डबा घेऊन गेले तेव्हा बाई त्याच खुर्चीत, दिवा न लावता बसल्या होत्या. मी ताट वाढलं. त्यांनी चमच्याने एक घास घेतला, दुसरा घेतला.

"हे काय आहे?"

"बेसन. आमच्याकडे घरात कोणी गेलं की शेजारी आणून देतात. आईने सांगितलं."

बाईंचा चमचा तसाच थांबला. "कोणी गेलं की," त्यांनी पुन्हा म्हटलं. आणि मग त्या रडल्या. इतका वेळ न रडलेलं सगळं रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. नंतर त्यांनी नाक पुसलं, पिठलं संपवलं आणि विचारलं की आणखी आहे का.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. भिंतीवरचे कुत्र्यांचे फोटो उतरवायला आम्हाला एक दुपार लागली. प्रत्येक फोटोमागची गोष्ट सांगितल्याशिवाय त्या हातातून सोडत नव्हत्या. मला भीती होती की त्या घरात बसून झुरतील. आईने तिकडून त्यांना रोज फोन करायचा सपाटा लावला होता, व्हिडिओवर मेथी दाखव, टोमॅटो दाखव. पण बाईंनी स्वतःच एक काम शोधलं.

आमच्या विद्यार्थ्यांना मालकांशी कसं बोलायचं हे शिकवायचा एक तास असतो. त्यात बाहेरची माणसं मालकाचं सोंग घेऊन येतात. कोणी चिडलेला, कोणी रडवेला, कोणी इंटरनेट वाचून आलेला. विद्यार्थी त्यांच्याशी बोलतो आणि आम्ही काचेपलीकडून बघतो. बाईंनी सांगितलं, "मी येते. मला मालक व्हायचा अनुभव आहे."

आता दर गुरुवारी त्या येतात. हातात रिकामा पिंजरा. कधी त्या ऐकतच नाहीत, कधी प्रत्येक वाक्यावर "पण भोपळा?" असं विचारतात. मागच्या महिन्यात एका मुलाने त्यांना आजाराची सगळी माहिती न थांबता सुनावली. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तो मरणार नाही ना?" त्या मुलाचा चेहरा पडला. त्याने हातातला पेन खाली ठेवला. तो मग म्हणाला, "तुम्ही दोघं किती वर्षं एकत्र आहात?"

काचेपलीकडून मला बाईंचा चेहरा दिसत होता. ठरल्याप्रमाणे त्यांनी रागवायचं होतं. पण त्या पिंजऱ्यावर हात ठेवून त्याला सांगत बसल्या, खोक्यात सापडलेल्या पिल्लापासून. वेळ संपल्याची घंटा वाजली तरी दोघंही उठले नाहीत. मी दार उघडायला गेले, तर बाईंनी माझ्याकडे न बघताच हाताने खूण केली, की थांब जरा, मुलगा ऐकतोय.